हॉल्स एरिककडची पोल्स्का

हॉल्स सिगब्रित फळ्या निवडायची. करवतीच्या कारखान्यात कापलेल्या फळ्या साखळीवरून पुढे सरकत येतात. गाठीची कोणती, तडकलेली कोणती, सरळ कोणती हे बघून त्या वेगळ्या करायच्या. साखळी थांबत नाही, त्यामुळे फळी उलटायला आणि ठरवायला एका श्वासाएवढा वेळ मिळतो. शंका आली की बहुतेक जण फळी चांगल्यात ढकलतात. ती वाईटात ढकलायची. मी तिच्या समोरच्या बाजूला उभा असायचो.

फोरमन ओरडायचा, "सिगब्रित, मालकाला भिकेला लावशील तू."

"मग पाठव मालकाला. उभा राहू दे इथे."

आमच्या भागात घराचं नाव आधी लावतात आणि माणसाचं नंतर. हॉल्स हे तिचं घर, सरोवराच्या वरच्या अंगाला. आई लवकर गेली, बाप जंगलतोडीवर, म्हणून तिला आणि तिच्या भावाला आजोबांनी वाढवलं. हॉल्स एरिक. कोळसा भाजणारा माणूस. गोष्टी सांगण्यात पटाईत. घरात त्याच्या सासऱ्याचं व्हायोलिन भिंतीवर टांगलेलं होतं, पण एरिक ते वाजवत नसे. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच छपराच्या लाकडी पट्ट्या काढणाऱ्या यंत्रात गेली होती. उरलेल्या बोटांनी तो खुंट्या पिळून तारा लावायचा आणि म्हणायचा, "घोड्याला खरारा केलाय. आता बसणारा शोधा." बसली ती नात.

ती कशी शिकली ते मी पाहिलंय. पाळी सुरू व्हायच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून एकच ओळ घासत बसायची. आम्ही डबे आपटायचो, शिट्ट्या मारायचो. तिच्यावर काही परिणाम नाही. फळ्यांच्या कुसळांनी बोटं जाऊ नयेत म्हणून हातमोज्यात आणखी एक हातमोजा घालायची, उन्हाळ्यातसुद्धा. दैवी देणगी वगैरे शब्द लोक नंतर वापरू लागले. मी त्या खोलीत होतो. मला देणगी दिसली नाही, काम दिसलं.

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. साखळीचा एक दुवा झिजला होता. त्यामुळे दोन फळ्या वेळेवर पडायच्या आणि तिसरी जरा रेंगाळून, एक पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखी. आम्हाला त्या आवाजाचा वीट आला होता. सिगब्रित मात्र मान हलवत फळ्या उलटायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची. दुरुस्तीवाला पाना घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे रे दोन दिवस. माझा दुसरा भाग अजून बसला नाही."

"कसला भाग?"

"तुला काय करायचंय? कॉफी पिऊन ये जा."

त्यातून तिची पहिली पोल्स्का झाली. पोल्स्का ही आमची नाचाची चाल, तीन ठोक्यांची. तिच्या या पोल्स्केत तिसरा ठोका उशिरा यायचा, अगदी त्या साखळीसारखा. पुढे तिनं आणखी काही केल्या, पण ही सगळ्यांत चांगली. समोर उभा राहून मी ती बनताना ऐकली, एखादं कपाट बनताना बघावं तशी. ती वाटलं तिथे जोड द्यायची, पटला नाही तर उखडायची, पुन्हा द्यायची.

गावात वादकांचं मंडळ होतं. तिथे चाल कोणी केली असं विचारत नाहीत. कोणाकडची, असं विचारतात. म्हणजे कोणत्या म्हाताऱ्याकडून तुझ्याकडे आली. चांगल्या चालीमागे कोणीतरी मेलेला माणूस असावा लागतो. मी केली असं म्हणणं म्हणजे भरल्या पंगतीत उठून उभं राहायचं आणि आपलीच पाठ थोपटायची. तसं आमच्याकडे कोणी करत नाही. केलं तर पुढची वीस वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

मंडळातला सगळ्यांत मोठा वादक डानिएल्स फ्रान्स. कोटावर उत्तम वादकांना मिळणारा चांदीचा बिल्ला लावायचा, रविवारी आणि इतर दिवशीही. सिगब्रितनं मंडळाच्या बैठकीत ती पोल्स्का पहिल्यांदा वाजवली तेव्हा मी दाराशी उभा होतो. तिनं व्हायोलिनचा गज खाली घेतला. मग फ्रान्सनं विचारलं, "कोणाकडची?"

एरिकला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. ती म्हणाली, "आजोबांकडची."

फ्रान्सनं डोळे मिटले आणि मान डोलावली. "तरीच! एरिककडची. लहानपणी ऐकलीय मी, त्याच्या दारात बसून. मघापासून म्हणतोय, ओळखीची कशी वाटते."

सिगब्रितनं त्याच्याकडे पाहिलं. सगळे माना डोलवत होते. पुन्हा वाजव म्हणाले. तिनं ती पुन्हा वाजवली.

घरी जाताना मी विचारलं, "एरिकनं जन्मात गज हातात धरला नव्हता ना?"

"नव्हता."

"मग?"

"माझी म्हटलं असतं तर कॉफी न पिताच उठले असते सगळे. आजोबांची म्हटलं तर दोनदा वाजवून घेतली."

"आणि फ्रान्सनं कुठून ऐकली?"

"ते फ्रान्सला विचार," ती म्हणाली आणि हसली. तेव्हा ती हसू शकत होती.

त्यानंतर आमच्याकडे इलेक्ट्रिक गिटारचं वारं आलं. कारखान्यातला लेन्नार्त, भट्टीवरचा, तो गिटार वाजवायचा. त्याला सिगब्रितच्या चाली हव्या होत्या. ढोल आणि बास वाजवायला आणखी दोघे मिळाले, तेही आमचेच. गटाचं नाव ठेवलं 'संध्याकाळची पाळी', कारण ती संपल्याशिवाय कोणालाच सराव करता येत नसे. मंडळातले म्हातारे म्हणाले की आजोबांच्या चालीला वीज लावली. फ्रान्सही म्हणाला. पण त्याचा रोख विजेवर होता. आजोबांबद्दल त्याला काही अडचण नव्हती.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात त्यांनी तबकडी काढली. कंपनी वगैरे कोणी नव्हतं. दारूबंदी मंडळाचा हॉल घेतला, एक उसनं टेपयंत्र आणलं. हॉल इतका थंड की बोटं वळत नसत. शेगडी पेटवली की तारा उतरत, विझवली की बोटं आखडत. शेगडी माझ्याकडे होती. तिच्यातली लाकडं तडतडतात ती त्या तबकडीत ऐकू येतात. आता लोक त्याला वातावरण म्हणतात. तेव्हा सिगब्रित त्याला घाण म्हणायची, आणि प्रत्येक मोठ्या तडतडीला सगळं पुन्हा वाजवायला लावायची. लेन्नार्त एकदा वैतागून म्हणाला, "बाई, ही तबकडी आहे, चर्चचं दार नाही."

"दार असतं तर एव्हाना बसवून झालं असतं," ती म्हणाली. "पुन्हा."

तबकड्या शहरातल्या कारखान्यात दाबून आल्या, कोऱ्या पांढऱ्या पाकिटांत. वेष्टनं आम्ही युनियनच्या खोलीत छापली, जाळीच्या चौकटीवर शाई ओढून, आणि हातानं चिकटवली. वाकडं चिकटलेलं तिनं एकही पुढे जाऊ दिलं नाही. मागच्या बाजूला मजकूर होता. तिच्या चारही चालींखाली छापलं होतं: हॉल्स एरिककडची.

शाई ओढताना मी विचारलं, "हे असंच ठेवायचं?"

"फ्रान्स येणार आहे ना विकत घ्यायला," ती म्हणाली. "मंडळ येणार आहे. असू दे."

फ्रान्सनं घेतली नाही. फारशी कोणीच घेतली नाही. तरुणांना त्यात व्हायोलिन जास्त वाटलं आणि म्हाताऱ्यांना गिटार. उरलेल्या पेट्या लेन्नार्तच्या होड्या ठेवायच्या खोपटात गेल्या आणि तिथे उंदरांनी कडा खाल्ल्या. लेन्नार्त दक्षिणेला मोटारींच्या कारखान्यात गेला. गट मोडला. सिगब्रित फळ्या निवडत राहिली. मग आमचा कारखाना बंद झाला, साखळी भंगारात गेली, आणि तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले, निवृत्त होईपर्यंत. व्हायोलिन सोडलं नाही. मंडळात दर बैठकीला ती पोल्स्का वाजायची आणि दर वेळी कोणीतरी म्हणायचं, एरिककडची. तीही मान डोलवायची. रेडिओवाले आले तेव्हा फ्रान्सनं ती स्वतः वाजवली आणि दारात बसलेल्या एरिकची हकीकत सांगितली. ती आता लांबली होती, तिच्यात एक मांजरही आलं होतं. फ्रान्स वारला. बिल्ला त्याच्याबरोबर पुरला.

मग बऱ्याच वर्षांनी जुन्या तबकड्या शोधणारे परदेशातले लोक दार ठोठावू लागले. एक जर्मन माणूस आला, त्याला ती तबकडी हवी होती. उंदरांनी खाल्लेली चालेल म्हणाला. नंतर स्टॉकहोमचा स्टाफान आला. तरुण, नीट बोलणारा, बूट दाराबाहेर काढून येणारा. त्याला तबकडी पुन्हा काढायची होती, सोबत लिखाणाची पुस्तिका देऊन. सिगब्रितनं मला बोलावून घेतलं होतं. तोपर्यंत तिचा नवरा गेला होता आणि लाकडाच्या भुशानं तिची छाती भरली होती. दोन वाक्यांमध्ये थांबावं लागायचं.

ती म्हणाली, "मला त्याचे पैसे वगैरे काही नकोत. एकच कर. चार चालींखाली माझं नाव घाल. हॉल्स सिगब्रित. त्या मी केल्यात."

स्टाफानची लेखणी थांबली. "पण वेष्टनावर तर..."

"वेष्टनावर मीच खोटं छापलंय. याला विचार, यानं शाई ओढलीय."

मी हो म्हणालो.

"म्हणजे आजोबांच्या चालीत तुम्ही काही भर घातलीत, असं ना?"

"भर नाही रे पोरा. आजोबांना वाजवताच येत नव्हतं. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती त्यांना."

त्यावर तो उठून उभाच राहिला. चेहरा उजळला त्याचा. "दोन बोटं नव्हती? म्हणून तो ठोका उशिरा पडतो! तीन बोटांनी वाजवायचे म्हणून!"

सिगब्रित माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इंग्वार, तू सांग याला. माझा श्वास संपला."

मी साखळीचं सांगितलं. झिजलेला दुवा, रेंगाळणारी फळी, दुरुस्तीवाल्याचा पाना. त्यानं सगळं लिहून घेतलं, फार छान आहे म्हणाला, आणि शेवटी म्हणाला की पुराव्यात सगळीकडे एरिकचं नाव आहे. रेडिओच्या ध्वनिफितीत फ्रान्स आहे. वादक मंडळानं बदल मान्य केला तर तो आनंदानं छापेल. नुसत्या तोंडच्या शब्दावर त्याला छापता येणार नाही.

"मंडळाचा अध्यक्ष कोण आता?" त्यानं विचारलं.

"फ्रान्सचा मुलगा," सिगब्रित म्हणाली.

शरदातली बैठक त्याच दारूबंदीच्या हॉलमध्ये झाली. डानिएल्स गोरान म्हणजे निवृत्त बसचालक, शांत माणूस, वाईट नाही. टेबलावर कॉफी आणि वेलचीचे बन. त्यानं आधी ध्वनिफीत लावली. फ्रान्सचा आवाज आला: दार, एरिक, मांजर. मग पोल्स्का. संपल्यावर एका बाईनं डोळे पुसले.

गोरान म्हणाला, "सिगब्रित, बाबांनी हे काय स्वप्नात ऐकलं?"

ती उठली. टेबलाला धरून उभी राहिली. "फ्रान्स खोटं बोलला. मीही बोलले. मी आधी बोलले, म्हणून त्याला सोपं गेलं."

किटलीजवळ उभी असलेली गुनहिल्द म्हणाली, "अजून कॉफी कोणाला हवी? बन आहेत बरं का अजून."

दोघा-तिघांनी कप पुढे केले.

मी उठलो. म्हणालो, मी समोर उभा होतो, मी ती बनताना ऐकली.

गोराननं विचारलं, "इंग्वार, तू काय वाजवतोस?"

"काही नाही."

"हं," तो म्हणाला.

मागून कोणीतरी हसलं. तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी एरिकचा हात पाहिला होता. लहानपणी त्याच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकल्या होत्या. प्रत्येकाला ठाऊक होतं. बनवरची जाडी साखर बशीत पडत होती आणि ते ती बोटानं टिपून खात होते.

"हात वर करून घ्या मग," सिगब्रित म्हणाली. "होऊन जाऊ दे."

"मंडळ मेलेल्या माणसांवर मतदान घेत नाही," गोरान म्हणाला. "पुढचा विषय, उन्हाळी मेळ्यासाठी बाकडी."

ती बाकड्यांचा विषय संपेपर्यंत बसून राहिली. मग मला म्हणाली, "चल."

पुढच्या वसंतात नवी तबकडी आली. जाड कागद, उत्तम छपाई, एकही वेष्टन वाकडं नाही. पहिल्या चालीला स्टाफाननं नाव दिलं होतं: तीन बोटांची पोल्स्का. खाली लिहिलं होतं, हॉल्स एरिककडची. आत दोन पानं एरिकवर होती. अपंग कोळसेवाला, जंगलातलं खोपटं, उरलेल्या बोटांनी स्वतःची वेगळी लय घडवणारा प्रतिभावंत. फ्रान्सचा फोटो होता, बिल्ल्यासकट. सिगब्रितबद्दल एक वाक्य होतं: तिनं आजोबांचा वारसा निष्ठेनं जपला. साखळीबद्दल काही नव्हतं.

तिनं ते वाचलं, चष्मा काढला, आणि विचारलं, "निष्ठेनं म्हणजे काय रे? कुत्र्यासारखं?"

उन्हाळी मेळ्याला तरीही ती गेली. मी गाडीनं नेलं. जुन्या लाकडी घरांच्या अंगणात ठिकठिकाणी घोळके करून लोक वाजवत होते, आणि प्रत्येक घोळक्यात तीन बोटांची पोल्स्का चालू होती. पुस्तिकेनं ती सगळीकडे नेली होती. सिगब्रित एका घोळक्यात शिरली, व्हायोलिन काढलं आणि त्यांच्याबरोबर वाजवू लागली. शेजारी तूवा नावाची मुलगी होती, संगीताच्या शाळेतली, उत्तम हात. चाल संपल्यावर ती वाकून मऊ आवाजात म्हणाली, "आजी, राग मानू नका हं. तिसरा ठोका तुमचा फारच मागे राहतो. फ्रान्सच्या फितीत तेवढा नाहीये. ऐकलीत ती कधी?"

"ऐकलीय."

"मी दाखवू?"

"दाखव."

तूवानं दाखवला. दोनदा, सावकाश. सिगब्रितनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मेहनत घेतलीस हो," ती म्हणाली. "किती दिवस घासलीस?"

"सगळा हिवाळा, आजी."

"दिसतंय." तिनं व्हायोलिन पेटीत ठेवलं. त्यानंतर मी तिला ती चाल वाजवताना ऐकलं नाही. बाकीच्या वाजवायची, तीसुद्धा छाती चालू देईल तेवढ्याच.

पहिल्या बर्फाच्या आसपास ती गेली. चर्चच्या पायऱ्यांवर गोरान माझ्याजवळ येऊन उभा राहिला. काळा कोट, हातात व्हायोलिनची पेटी. बूट आपटून बर्फ झाडत होता, झाडून झालं तरी झाडत होता.

"बाबांनी मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "शेवटच्या आजारात."

"काय?"

"की एरिकला त्यांनी कधी वाजवताना ऐकलं नव्हतं."

"म्हणजे बैठकीच्या वेळी तुला माहीत होतं."

"तुझे वडील असते तर?"

"आता आत जाऊन सांग. सगळं गाव बसलंय."

"आता तिला काय ऐकू येणार आहे, इंग्वार?" तो म्हणाला. "उगाच लोकांना कशाला..." आणि आत गेला.

पाद्री बोलले. मंडळ उठलं. गोरानच पुढे झाला आणि म्हणाला, "सिगब्रितची आवडती. तीन बोटांची पोल्स्का. तिच्या आजोबांकडची." त्यानं माझ्या बाकाकडे पाहिलं नाही. तूवा बसनं एवढ्या लांबून आली होती, तिनं मुख्य भाग वाजवला. एकही सूर चुकला नाही.

नंतर चर्चशेजारच्या घरात कॉफी होती. सिगब्रितच्या भावाची मुलगी सगळ्यांच्या कपात ओतत माझ्यापर्यंत आली. म्हणाली, "पणजोबा काय माणूस असतील ना, इंग्वारकाका! तीन बोटं, आणि काय ठेवून गेले."

मी म्हणालो, "ती तुझ्या आत्यानं केलीय. मी समोर उभा होतो."

तिनं किटली टेबलावर ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा.

"आत्या आम्हालाही सांगायची तसं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तिला सगळं आपणच केलंय असं वाटायचं. आम्ही हो म्हणायचो. साखर देऊ?"